उतरलेले सेल

मुखेडच्या स्टँडवर लातूरची गाडी लागली तेव्हा लिंबाजी सवयीनं ड्रायव्हरच्या दाराकडं गेला. दाराला हात लावल्यावर त्याला आठवलं की आज आपण रजेवर आहोत, आज तिकीट काढून बसायचं आहे. स्टेअरिंगवर ग्यानोबा होता. त्यानं वरूनच विचारलं, "का हो लिंबाजीराव, गाडी तुम्ही नेता का मी नेऊ?"

"तूच ने बाबा. मला आज माडीवर जायचंय."

"कुणाच्या?"

"बसलिंगप्पाच्या. मंडळात."

ग्यानोबानं पुढं काही विचारलं नाही. डेपोतल्या सगळ्यांना ते गाणी ऐकणाऱ्यांचं मंडळ ठाऊक होतं. महिन्याच्या पहिल्या रविवारी लिंबाजी हटकून लातूरची ड्यूटी मागून घ्यायचा, आणि त्याच्या मागच्या सीटवर चांगुणा बसलेली असायची. मांडीवर टेपरेकॉर्डरची पिशवी, पिशवीवर दोन्ही हात. चांगुणा मुखेडच्या दवाखान्यात नर्स होती. अख्खा तालुका तिला नर्सबाई म्हणायचा, आणि घरी लिंबाजीसुद्धा चिडला की नर्सबाईच म्हणायचा. लातूरला उतरली की ती गंजगोलाईकडं चालत जायची आणि बसलिंगप्पाच्या भांड्यांच्या दुकानावरच्या माडीत शिरायची. लिंबाजी स्टँडवर चहा प्यायचा, गाडीतच आडवा व्हायचा. परतीच्या फेरीला ती पुन्हा मागच्या सीटवर.

इतक्या वर्षांत तो एकदाही वर गेला नव्हता. ती म्हणायची, "या की एकदा."

"मला त्यातलं काय कळतंय?"

"कळायला काय लागतंय? बसायला लागतंय."

आता तो चालला होता, आणि पिशवी त्याच्या मांडीवर होती.

चांगुणा भादव्यात गेली. काविळीचं निमित्त झालं. नांदेडच्या मोठ्या दवाखान्यात नेलं, तिथून तिला घरी आणायची वेळ आली नाही. शेवटी शेवटी तिच्या बोलण्यात ताप मिसळला होता. कधी लसींबद्दल बोलायची, कधी टँकरबद्दल. एका दुपारी मात्र ती लिंबाजीकडं नीट बघत म्हणाली, "डिसेंबरात ती कॅसेट नेऊन पेटीत ठेवा. ह्या खेपेला घेतील."

"हाव," लिंबाजी म्हणाला. तिच्या उशाशी बसून तो कशालाही हाव म्हणाला असता. पण म्हटलेलं होतं.

ती कॅसेट म्हणजे दोन वर्षांमागची गोष्ट. रेडिओवर दुपारच्या सभेत दानम्मा भालकीकर नावाच्या बाईंचा मुलतानी राग लागणार होता. ही बाई राज्याच्या सीमेपलीकडची. तिची ना कधी तबकडी निघाली, ना कुठल्या मोठ्या शहरात तिचं नाव झालं. रेडिओवर वर्षाकाठी कधीतरी लागायची. चांगुणानं तिला एकदाच ऐकलं होतं आणि तेव्हापासून ती वाट बघत होती. त्या दिवशी नेमकी लाईट गेलेली, दुष्काळात ती असायची कमी आणि जायची जास्ती. चांगुणानं शेजारचा ट्रान्झिस्टर आणला, टेपमध्ये घरातलेच सेल घातले, टेप ट्रान्झिस्टरला चिकटवून ठेवली, दार लावून घेतलं आणि गाणं भरलं. ते झाल्यावर वर्षभरात ती बाई वारल्याची बातमी रेडिओवरच आली. म्हणजे त्या दुपारचं गाणं होतं ते चांगुणापाशीच, दुसरीकडं कुठं नाही.

मंडळाचा एक रिवाज होता. एरवी दर महिन्याला ज्यानं त्यानं आपल्या आवडीचं काहीतरी आणायचं, वाजवायचं आणि ते का आवडतं ते सांगायचं. डिसेंबरात मात्र पेटी उघडायची. पत्र्याची साधी ट्रंक ती, पण तिच्यात काय जाणार हे सगळ्यांनी मिळून ठरवायचं. एकानं जरी मान हलवली तरी ते परत. जे आत जाईल ते मंडळाचं. मग ती पेटी वर्षभर एकेका घरी महिनामहिना राहणार. ज्याच्या घरी असेल त्यानं सगळं पुन्हा ऐकायचं.

गेल्या डिसेंबरात चांगुणानं दानम्माबाईंचा मुलतानी पुढं केला होता आणि उदगीरच्या कमलम्मांनी मान हलवली होती. कमलम्मा शाळेत गाणं शिकवून निवृत्त झालेल्या. मंडळात सगळे त्यांना अक्का म्हणत. त्या म्हणाल्या, आवाज चढतो. सुरुवातीला सा एका जागी आहे, गाणं संपेपर्यंत तो भलत्याच जागी जातो. ज्याचा सा हलतो ते मी पेटीत ठेवू देणार नाही.

त्या दिवशी परतीच्या गाडीत चांगुणा गप्प होती. लिंबाजीच्या मनात भलतंच आलं. जन्म खेड्यात गेलेला, नकार कशाकशापायी मिळतो हे त्याला चांगलं माहीत होतं. घरी आल्यावर त्यानं जातीचं बोलून दाखवलं. चांगुणा म्हणाली, "न्हाई. तसं असतं तर मी दुसऱ्यांदा पायरी चढले नसते. खरंच चढतो आवाज. अक्काचं बरोबर हाय."

"मग सोडून दे."

"सोडायचं कशाला? का चढतो ते बघते की."

नंतर तिनं काय बघितलं ते लिंबाजीला ठाऊक नव्हतं. तो पहाटे जायचा आणि दिवेलागणीला यायचा. बूट काढताना आतून ती बाई गात असायची, एवढंच.

ती गेल्यावर त्यानं ती कॅसेट पुन्हा पुन्हा लावली. लाईट असली की करंटवर लावायची आणि कान टेकवून बसायचं. त्याला गाणं ऐकायचं नव्हतं. गाण्याच्या मागं कुठं चांगुणा सापडते का ते बघायचं होतं. एवढा वेळ ती टेपपाशी बसली होती, म्हणजे एखादा खोकला असेल, बांगडी वाजली असेल, पाटावरून उठताना काही बोलली असेल. काही नव्हतं. मग त्याला आठवलं, भरायला बसली की ती बांगड्या कोपरापर्यंत वर सरकवायची आणि त्यांच्यावर फडकं गुंडाळायची. श्वाससुद्धा तोंड फिरवून घ्यायची. तिनं स्वतःला त्यातून पूर्ण बाहेर ठेवलं होतं.

लिंबाजीला तिचा रागच आला. एक शब्द तरी सोडायचा होतास, असं तो रिकाम्या घरात म्हणाला. मग त्यानं कॅसेट पुसून डबीत ठेवली आणि डिसेंबरची वाट बघायला लागला.

चाकूर मागं पडलं. दोन्ही बाजूंना रानं भाजून काढल्यासारखी होती. लातूरच्या अलीकडं टँकरची रांग लागली होती आणि त्यांच्यावर नव्या जिल्ह्याचं नाव रंगवलेलं होतं. जिल्हा होऊन चार वर्षं झाली होती. पाट्या नव्या झाल्या होत्या, पाणी जुनंच होतं, म्हणजे नव्हतंच.

बसलिंगप्पा दुकानाच्या दारातच भेटला. गोल चेहऱ्याचा, कपाळाला भस्म, हातात घागर. गिऱ्हाईकाला घागर देऊन तो लिंबाजीकडं वळला.

"या," तो म्हणाला. "या लिंबाजीराव. किती वर्षं स्टँडवर बसलात. आमच्या चहाला काय विष होतं का?"

"तसं न्हाई अप्पा."

"चला वर. पाणी आणलंय ना? औंदा सगळ्यांनी आपापलं आणायचं ठरलंय. मी घागरी विकतो, पण त्यात घालायला माझ्याकडं बी काही नाही."

माडीवर सतरंजी होती. भिंतीला टेकून कमलम्मा बसल्या होत्या. पांढरं लुगडं, समोर छोटी स्वरपेटी. दुसरे व्यंकटराव. हे कलेक्टर कचेरीत कारकून, जिल्हा फुटला तेव्हा उस्मानाबादहून बदलून आलेले. आल्यापासून ते असं बोलत की जिल्हा त्यांनीच टोपलीत घालून आणला. मधोमध पत्र्याची ती पेटी उघडी होती.

चांगुणाची जागा खिडकीपाशी असावी. तिथं कुणी बसलं नव्हतं. लिंबाजीला कुणी सांगितलं नाही, तोही तिथं बसला नाही. दाराजवळ टेकला.

पहिली पाळी व्यंकटरावांची. त्यांनी हैदराबादहून आणलेली तबकडी लावली. गवयाच्या ताना अशा सुटल्या की लिंबाजीला घाटातली उतारावरची गाडी आठवली. संपल्यावर व्यंकटराव सगळ्यांच्या तोंडाकडं बघायला लागले.

"काय तयारी आहे," ते म्हणाले. "एक तान तर तीन सप्तकांत फिरून आली."

"फिरून आली," कमलम्मा म्हणाल्या. "पण कुठं गेली होती ते सांगितलं नाही."

बसलिंगप्पा खो खो हसला. व्यंकटराव म्हणाले, "अक्का, तुम्हाला वेगच आवडत नाही."

"वेग आवडतो. पळ आवडत नाही. ह्यात राग कुठं आहे दाखवा, मी आत्ता पेटीत ठेवते."

"मग अप्पांची सारंगी कशी ठेवली गेल्या साली? ती तर रडूनच राहिली होती."

"ओ कारकून," बसलिंगप्पा म्हणाला, "माझ्या सारंगीच्या वाट्याला जाऊ नका. ती रडती, पण सुरात रडती. तुमचा गवई हसतोय का पळतोय तेच कळंना."

असं बराच वेळ चाललं. लिंबाजी ऐकत होता. ह्यातच ती येऊन बसायची, तिलाही असंच कुणी बोलत असेल आणि ती उलटून बोलत असेल, हे त्याला पहिल्यांदा दिसत होतं. घरी ती कमी बोलायची. इथं खूप बोलत असणार.

शेवटी तबकडी परत गेली. व्यंकटरावांनी ती खोळीत घालताना फुंकर मारली आणि म्हणाले, "पुढच्या साली आणीनच." मग सगळे लिंबाजीकडं वळले.

त्यानं पिशवीतून टेप काढली. येताना मुखेडच्या बाजारातून त्यानं नवेकोरे सेल घेतले होते. चांगुणाची शेवटची पाळी. तिच्या टेपमध्ये मळके सेल कसे घालायचे? जुन्या सेलांचा एक डालड्याचा डबा गच्चीवर होता. ती ते सेल उन्हात ठेवायची. लोक ठेवतातच, ऊन खाल्लं की सेल थोडे दिवस आणखी चालतात. पण पाण्याला भांडी कमी पडायला लागली तेव्हा लिंबाजीनं ते सेल उकिरड्यावर ओतले आणि डबा सांडपाण्याला घेतला होता.

"दानम्माबाईंचा मुलतानी," तो म्हणाला. "गेल्या साली परत गेला होता तो. पेटीत ठेवायला आणलाय."

बसलिंगप्पानं पाण्याचा पेला उगीच उचलून ठेवला. व्यंकटराव घसा साफ करून म्हणाले, "लिंबाजीराव, वाजवायची तरी काय गरज आहे? नर्सबाई आपल्या मंडळाच्या. त्यांची आठवण म्हणून ठेवून टाकू. काय अप्पा?"

"ठेवू की. माझी ना नाही."

स्वरपेटीवर हात ठेवून कमलम्मा खाली बघत होत्या.

लिंबाजी म्हणाला, "तसं नको."

"अहो, पण—"

"तसं नको व्यंकटराव. आठवणीसाठी फोटो हाय माझ्याकडं. ती मेली म्हणून घेणार असाल तर मी कॅसेट घेऊन जातो वापस. ऐका आणि बरोबर असंल तर घ्या. नसंल तर अक्कांनी मान हलवावी."

कमलम्मांनी वर बघितलं. "एक अडचण आहे," त्या म्हणाल्या. "इथं जो वाजवतो त्यानं ते का आवडतं ते सांगायचं असतं. तुम्हाला आवडतं का?"

लिंबाजीनं खोटं बोलायचं मनात आणलं आणि सोडलं. "मला त्यातलं काही कळत न्हाई. तिला आवडायचं."

"दुसऱ्याची आवड इथं मांडता येत नाही."

"मग आधी वाजू द्या. मांडायचं मागून बघू."

त्यानं बटण दाबलं.

बाईंचा आवाज आला. जाड, किंचित खरखरीत, घाई नसलेला. कमलम्मांनी स्वरपेटीचा एक सूर धरला आणि मान हलवली, होकाराची. पहिली काही मिनिटं सगळं जागच्या जागी होतं. बसलिंगप्पाचे डोळे मिटले. मग कमलम्मांची भिवई हलली. त्यांनी स्वरपेटीची पट्टी जराशी बदलली. थोड्या वेळानं परत बदलली. गाणं पुढं जाईल तसा आवाज बारीक आणि उतावळा होत गेला. शेवटाला तर बाई कुणी पाठीमागं लागल्यासारखी गात होती.

कमलम्मांनीच हात करून थांबवायला सांगितलं.

"गेल्या साली होतं तसंच आहे," त्या म्हणाल्या. आवाज कठोर नव्हता. "बाई मोठी आहे, ते पहिल्या आलापातच कळतं. पण सा हलतो लिंबाजीराव. मी डोळे मिटून हो म्हटलं तर नर्सबाईंना ते आवडलं नसतं."

"न्हाई आवडलं असतं," लिंबाजी म्हणाला.

तो उठला नाही. टेपकडं बघत बसला. काहीतरी त्याला खटकत होतं आणि ते काय ते सांगता येत नव्हतं. गाडीच्या इंजिनाचा आवाज बदलला की ड्रायव्हर आधी अस्वस्थ होतो, कारण मागून सापडतं, तसं.

"घरी असं वाजत नव्हतं," तो म्हणाला.

व्यंकटराव हळूच म्हणाले, "घरी आपल्याला सगळंच गोड लागतं."

"गोडाचं न्हाई सांगत मी. घरी ती बाई बसून गायची. इथं उभी राहून गाऊन राहिली. शेवटी शेवटी तर चप्पल घालून निघाली."

बसलिंगप्पा हसणार होता, पण कमलम्मांनी हात वर केला. "थांबा अप्पा. लिंबाजीराव, बसून म्हणजे? शेवटपर्यंत?"

"हाव. मी ड्यूटीवरून यायचो तवा शेवटचंच ऐकायला मिळायचं. बूट काढेपर्यंत. बाई एका जागी असायची. हलायची न्हाई."

"ह्याच टेपवर?"

"ह्याच. दुसरी कुठं हाय आमच्याकडं?"

"आणि तुम्ही नंतर लावली तेव्हा?"

लिंबाजीनं आठवून बघितलं. नंतर लावली तेव्हा त्यानं गाणं ऐकलंच नव्हतं. "नंतर मी तिचा आवाज शोधून राहिलो होतो," तो म्हणाला. "गाण्याकडं ध्यान नव्हतं. करंटवर लावायचो."

"त्या कशावर लावायच्या?"

"सेलवर. लाईट कुठं असती संध्याकाळी?" आणि हे बोलताना त्याला उन्हाळ्यातली एक संध्याकाळ आठवली. तो तिच्यासाठी नवे सेल घेऊन आला होता. चांगुणा म्हणाली होती, ते दुसऱ्या कॅसेटला ठेवा, ह्या कॅसेटला नवे सेल लावले की बाई बिघडती. त्याला वाटलं होतं, काटकसर करते. नर्सबाई कंजूष, असं तो म्हणालाही होता.

त्यानं ते सगळं सांगितलं. डालड्याचा डबा, ऊन, उकिरडा, काही ठेवलं नाही. मग त्यानं आपल्या बाटलीतलं पाणी घेतलं.

व्यंकटरावांनीच कपाळावर हात मारला. "अहो, सोपं आहे. भरताना सेल संपत आले होते. मशीन हळूहळू मंद फिरत गेली. मंद फिरून भरलेलं नीट मशीनवर वाजवलं की जलद होणारच. जितके सेल उतरले तितका आवाज चढला."

"म्हणजे परत उतरलेल्या सेलवर वाजवलं तर—" बसलिंगप्पा म्हणाला.

"बाई खाली बसेल," कमलम्मा म्हणाल्या. त्या स्वरपेटी बाजूला सारून उठल्यासुद्धा. "अप्पा, उतरलेले सेल आणा."

आणि मग त्या माडीवर जे सुरू झालं ते मंडळात कधी झालं नव्हतं. बसलिंगप्पानं दुकानातली बॅटरी आणली. लावून बघितली तर उजेड भिंत फोडून जाईल असा. घरातला ट्रान्झिस्टर उघडला, त्यातले सेल ह्याच आठवड्यातले.

"वाण्याच्या घरात उतरलेला सेल मिळत नाही म्हणजे काय," व्यंकटराव म्हणाले.

"तुमच्या कचेरीत बघा, तिथं सगळेच उतरलेले."

"आज रविवार आहे. नाहीतर तेही आणले असते."

बसलिंगप्पा जिन्यातून खाली ओरडला, "अगं, घरात मेलेले सेल आहेत का कुठं?"

खालून त्याच्या बायकोचा आवाज आला. "माझ्या बॅटरीत हायेत की. दिवाळीपासून सांगून राहिले, नवे आणा, नवे आणा. अंधारात विंचवावर पाय पडल्यावर आणणार होता का?"

"बरं झालं नाही आणले," बसलिंगप्पा म्हणाला. "दे ती वर."

बॅटरीचा उजेड काजव्याएवढा होता. तिच्यातले दोन सेल निघाले. शेजारच्या पानवाल्याकडं आणखी दोन मिळाले, त्यानं ते वजन म्हणून कागदांवर ठेवले होते. चारही टेपमध्ये घालून लिंबाजीनं बटण दाबलं. आतून कुणी पुरुष जांभई देतोय असा आवाज आला. कमलम्मांना हसू आवरेना. त्यांनी पदर तोंडाला लावला.

"फारच मेलेत," त्या म्हणाल्या. "पहिल्या भागाला एवढे नकोत. एक नवा घाला."

एक नवा घातला. तरी बाई जड. मग दोन नवे, दोन जुने. कमलम्मांनी स्वरपेटीचा सूर धरला, लिंबाजीनं कॅसेट मागं नेऊन पहिल्यापासून लावली, आणि बाई त्या सुरावर येऊन बसली.

आलाप सुरू झाला. खाली गिऱ्हाईक घागरीवर टिचकी मारून बघत होतं, तो आवाज थांबला. कमलम्मांचा हात स्वरपेटीवर होता आणि तो हलत नव्हता. गाणं पुढं गेलं तसे टेपमधले जुने सेल आणखी दमत गेले, आणि कॅसेटमध्ये त्या दुपारी चांगुणाचे सेल दमत गेले होते. दोन्ही बरोबरीनं उतरत होते, म्हणून बाई जागेवर राहिली.

लिंबाजीनं ह्या खेपेला चांगुणाला शोधलं नाही. तो गाणं ऐकत होता. बाई एकाच सुराभोवती फिरत होती. जवळ जायची, हात लावायची, परत यायची. घाई नव्हती. दार लावलेल्या खोलीत, बांगड्यांवर फडकं गुंडाळून, तोंड फिरवून श्वास घेत ती कशासाठी बसली असेल ते त्याला थोडंसं कळलं. सगळं कळलं असं नाही.

शेवटाला येता येता आवाज किंचित ढळला. कमलम्मांचं बोट हललं. गाणं संपलं, बटण आपोआप वर आलं.

"शेवटी थोडा ढळतो," कमलम्मा म्हणाल्या.

लिंबाजी म्हणाला, "ढळतो. मला बी कळलं."

"तुम्हाला कळलं?"

"हाव. उठायला लागली बाई. पण उठली न्हाई."

कमलम्मा त्याच्याकडं वळल्या. "का आवडतं ते सांगायचं राहिलंय," त्या म्हणाल्या.

लिंबाजीला जुळवून बोलता येत नसे. तो म्हणाला, "बाईला कुठंच जायची घाई न्हाई. मी जन्मभर टायमावर गाडी नेली. मला ते बरं वाटलं."

"हे नर्सबाईंचं का तुमचं?"

"माझंच. ती काय म्हणायची ते मी कधी विचारलं न्हाई."

"मग माझी मान हलत नाही," कमलम्मा म्हणाल्या. "पण अट आहे. कॅसेटबरोबर उतरलेल्या सेलांचा डबा पेटीत राहील. ज्याच्या घरी पेटी जाईल त्यानं तो भरलेला ठेवायचा. नव्या सेलवर ही कॅसेट कुणी वाजवली तर त्याला मंडळातून काढायचं."

"बायकोला सांगतो," बसलिंगप्पा म्हणाला. "आता नवे सेल मागायची सोय राहिली नाही म्हणावं." तो खाली जाऊन पितळेचा एक झाकणाचा डबा घेऊन आला, विकायचाच. व्यंकटराव म्हणाले, "लोखंडी द्या, पितळेचा कशाला." बसलिंगप्पानं ऐकलं नाही.

लिंबाजीनं कॅसेट टेपमधून काढली. पेटीपाशी गेला आणि तिथंच थांबला.

इतके दिवस ही कॅसेट पेटीत जावी म्हणून तो झटला होता. गेली की ती आपल्या घरी नसणार, हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. आज पेटी उदगीरला कमलम्मांकडं जाणार, पुढं व्यंकटरावांकडं, मग अप्पांकडं. आज संध्याकाळी बूट काढताना आतून काही ऐकू येणार नव्हतं. आताही येत नव्हतंच, पण लावावं म्हटलं तरी लावता येणार नव्हतं.

बसलिंगप्पा जवळ आला. हळू आवाजात म्हणाला, "दुसऱ्या टेपवर नक्कल करून घेऊ का आधी? वेळ लागंल, पण करू."

लिंबाजीनं विचार केला. "नको," तो म्हणाला. "नकलेला कुठले सेल लावायचे ते पुन्हा शोधावं लागंल. आणि तिनं मला ठेव म्हणून सांगितलं, नक्कल कर म्हणून न्हाई."

त्यानं कॅसेट पेटीत ठेवली, तिच्या शेजारी डबा ठेवला, आणि झाकण त्यानंच लावलं.

"पेटी मुखेडला वैशाखात येईल," कमलम्मा म्हणाल्या. "नर्सबाईंची पाळी वैशाखातच असायची. ती आम्ही काढलेली नाही."

"म्हणजे मी—"

"पेटी येणार म्हणजे माणूस लागणार. आणि पुढल्या महिन्यात हात हलवत येऊ नका. काहीतरी आणा."

"मी काय आणू? माझ्याकडं आवड न्हाई अक्का."

"घरात कॅसेटी आहेत ना नर्सबाईंच्या?"

"लई हायेत. कपाटभर."

"मग ऐका. एक आवडेल. नाही आवडली तर का नाही आवडली ते येऊन सांगा. इथं तेही चालतं." मग त्या खिडकीकडं बोट दाखवून म्हणाल्या, "आणि दारात बसू नका. जिन्यातलं वारं लागतं."

परतीच्या गाडीला ग्यानोबाच होता. लिंबाजी त्याच्या मागच्या सीटवर बसला, जिथं चांगुणा बसायची. पिशवी मांडीवर घेतली. ती हलकी लागत होती, कॅसेटीचं वजन ते काय असतं, तरी लागत होती. अप्पानं कागदात बांधून दिलेले दोन नवे सेल तेवढे तिच्यात खुळखुळत होते.

अंधारून आलं तेव्हा गाडी चाकूरला थांबली होती. ग्यानोबानं खाली वाकून बाटलीचं टोपण शोधायला बॅटरी लावली. उजेड पिवळट, थरथरता. त्यानं बॅटरी मांडीवर आपटली आणि शिवी घातली.

"उद्या हे फेकूनच देतो," तो म्हणाला.

लिंबाजीनं मागून हात पुढं केला. "फेकू नको. इकडं दे."

"काय करता मेलेल्या सेलांचं?"

"लागतात," लिंबाजी म्हणाला. पिशवीतले दोन नवे सेल काढून त्यानं ग्यानोबाच्या हातात दिले, जुने आपल्या पिशवीत टाकले. "आणि डेपोत सगळ्यांना सांग. कुणाचे उतरले की माझ्याकडं आणून द्यायचे. वैशाखापर्यंत मला डबा भरायचा हाय."